चांगला बोकड गावात राहतच नाही

आषाढ अमावास्या जवळ आली की अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या मटणाच्या दुकानांसमोर सकाळपासून रांगा लागतात. श्रावणाआधीचा हा शेवटचा मोठा बेत, म्हणजे गटारी. त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी वाड्या-पाड्यांवर व्यापाऱ्यांची फेरी होते. त्यांची नजर कशावर असते, हे शेळी पाळणाऱ्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. ज्याची छाती रुंद, पाठ सरळ, जो बरोबरीच्या करडांआधी वजनात भरला, तो बोकड पहिला उचलला जातो. कंबर चाचपून, पाठीवर हात फिरवून भाव ठरतो आणि संध्याकाळपर्यंत तो टेम्पोत चढलेला असतो. मागे राहतो तो किरकोळ अंगाचा, उशिरा वाढलेला, ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढच्या हंगामात गावातल्या शेळ्या गाभण राहतात त्या या उरलेल्यापासून.

कोकणातल्या शेळीचे मुख्य दुखणे इथे आहे. पैदाशीचा नियम साधा आहे: उत्तम नर राखावा, बाकीचे विकावेत. इथे उत्तम विकला जातो आणि बाकीचे राखले जातात. शेळी पाच महिन्यांत विते, तिची पाट वर्ष-सव्वा वर्षात स्वतः गाभण राहते. दहा वर्षांत अशा उलट्या निवडीच्या पाच-सहा पिढ्या होऊन जातात. मग ‘आमच्याकडे शेळी वाढतच नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि उपाय म्हणून दूरच्या मुलखातली जात आणली जाते. वाढणाऱ्या बोकडाचा वंश पुढे जाऊच दिला नाही, तर वाढणार कोण?

अंबरनाथ एमआयडीसीच्या भोवताली हे चित्र अधिक ठळक आहे. आनंदनगरच्या अतिरिक्त औद्योगिक वसाहतीला लागून जांभिवली आणि चिखलोलीची शिवारे आहेत, दक्षिणेला मलंगगडाचे डोंगर, बदलापूरपलीकडे बारवी धरणाचे रान, पुढे वांगणी. कारखान्यांच्या कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेत आणि भात कापल्यानंतरच्या खाचरांत आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी घरांच्या शेळ्या चरतात. त्यांना खाणारे शहर हाकेच्या अंतरावर आहे. १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी नाव मिळालेले उल्हासनगर, कारखान्यांमुळे वाढलेले अंबरनाथ आणि रेल्वेने वाढवलेले बदलापूर, या तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच नऊ लाखांवर होती. आज ती त्याहून बरीच जास्त आहे. आगरी हळदीचे जेवण, सिंधी घरातली रविवारची पंगत, ईद, शिमगा, गटारी, जत्रा. मटणाला इथे बारा महिने मागणी आहे.

बाजार जवळ असणे शेतकऱ्याच्या भाग्याचे मानले जाते. जनावराच्या पैदाशीबाबत मात्र फार जवळचा बाजार घातक ठरू शकतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या आतल्या वाडीत व्यापारी महिन्यातून एकदा येत असेल, तर चांगला बोकड वर्षभर तरी टिकतो आणि तेवढ्या काळात दहा-वीस शेळ्या फळवून जातो. अंबरनाथजवळच्या पाड्यावर गिऱ्हाईक दाराशी उभे असते. बोकड पैदाशीला खरा उपयोगी पडतो तो वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावर. इथे सात-आठ महिन्यांतच त्याचा सौदा होतो. यात पाळणाऱ्या बाईचा दोष शोधू नये. मुलाची फी, दवाखाना, पावसाआधीची घराची शाकारणी, या सगळ्यांसाठी तिच्याकडे विकण्याजोगी रोकड चीज तीच एक असते. अडीनडीला ती सगळ्यात जास्त पैसे देणारे जनावर विकणार, आणि तिने ते विकलेच पाहिजे. दोष व्यवस्थेचा आहे, कारण तो बोकड राखण्याचा मोबदला तिला कोणीच देत नाही.

जातीचे एवढे महत्त्व कशासाठी, असे विचारले जाते. शेळी ती शेळी, पाला खाईल आणि करडे देईल. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदवहीत महाराष्ट्राच्या ज्या शेळ्या आहेत, त्यांच्याकडे पाहिले तर याचे उत्तर मिळते. उस्मानाबादी ही लातूर, उदगीर, तुळजापूरकडची. बहुतेक काळीभोर, जुळी देण्यात हुशार, दुधालाही बरी आणि मटणालाही. संगमनेरी अहिल्यानगर, नाशिक, पुणे पट्ट्यातली, बहुधा पांढरी, तीही दोन्ही कामांची. बेरारी विदर्भाची. आणि कोकण कन्याळ सिंधुदुर्गाची: काळ्या अंगावर नाकपुडीपासून कानाकडे गेलेले पांढरे पट्टे, पायांवर पांढरी झाक. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास केला, कुडाळ तालुक्यातल्या निळेली इथल्या केंद्रात तिचे कळप सांभाळले, आणि मग तिला स्वतःच्या नावाने मान्यता मिळाली.

या चौघींत फरक रंगाचा कमी आणि हवेचा जास्त आहे. तुळजापूर-उदगीरकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. ठाणे जिल्ह्यात तो दोन हजारांच्या पुढे जातो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. ओल्या जमिनीवर खुरे कुजतात. ओल्या गवतातून जंत पोटात जातात, त्यातला रक्त शोषणारा जंत करडाला काही आठवड्यांत पांढरेफटक करून टाकतो. दमट, कोंदट गोठ्यात न्यूमोनिया ठरलेला. शेळी मुळात पावसाला भिणारे जनावर. चिखलात उभे राहण्यापेक्षा ती उपाशी राहील. म्हणून कोकणात जमिनीपासून उंच, फटी असलेला लाकडी वा बांबूचा माच करून त्यावर शेळ्या ठेवण्याची पद्धत पसरायला हवी. मूत्र-लेंड्या खाली पडतात आणि खुरे कोरडी राहतात. पण माच करूनही जनावराच्या अंगात जी सहनशक्ती लागते, ती अनेक पिढ्या त्याच पावसात जगल्यावर येते. ती सिमेंटच्या शेडने वा खुराकाच्या पोत्याने भरून काढता येत नाही.

ठाणे-पालघरच्या शेळीला मात्र स्वतःचे नाव नाही. त्यात काही विशेष नाही असेही म्हणता येईल, कारण देशातल्या निम्म्याहून अधिक शेळ्या कोणत्याच नोंदणीकृत जातीत बसत नाहीत. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत भारतात १४.८८ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख. २०१२च्या तुलनेत राज्यातली संख्या सुमारे पाव पटीने वाढली. संख्या वाढते आहे, हे चांगलेच. वाढलेल्या संख्येत किती शेळ्या कोकणच्या पावसात दोन वेतांत तीन-चार करडे जगवतात, हे मोजण्याची सोय कुठेच नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची निवडही होत नाही.

सरकारी दरपत्रक पाहिले तर कल कोणीकडे आहे हे दिसते. राज्याची नाविन्यपूर्ण योजना लाभार्थ्याला दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट देते. सर्वसाधारण प्रवर्गाला निम्मे, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. २०२१ साली ठरलेल्या दरांत उस्मानाबादी वा संगमनेरी शेळीला ८,००० रुपये आणि बोकडाला १०,००० रुपये धरले गेले. ‘अन्य स्थानिक’ जातीच्या शेळीला ६,००० आणि बोकडाला ८,०००. कोकण कन्याळ या दुसऱ्या रकान्यात येते. विद्यापीठाने वर्षानुवर्षे खपून जिला नाव मिळवून दिले, ती शेळी दरपत्रकात बिननावाच्या रांगेत दोन हजारांनी स्वस्त उभी आहे. विकणारा आपली चांगली कन्याळ पाट या भावात का देईल? तो दुय्यम जनावर देणार, आणि मग ‘स्थानिक शेळी दुय्यमच’ हा समज आणखी पक्का होणार. हा दोन हजारांचा फरक पुढच्या सुधारणेत आधी मिटवायला हवा. त्याला फार मोठा निधी लागत नाही. एका रकान्यात एक नाव वाढवायचे आहे.

पैदास प्रक्षेत्रांचेही असेच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून काम करते. त्याची दहिवडी, रांजणी, महूद, तीर्थ, मुखेड, अंबाजोगाई, पोहरा, बिलाखेड अशी प्रक्षेत्रे घाटावर आणि त्यापलीकडे आहेत. मेंढी कोरड्या मुलखाची, म्हणून सुरुवात तिकडे झाली हे समजण्यासारखे आहे. पण महामंडळाच्या नावात शेळीही आहे आणि कोकण याच राज्यात आहे. मुरबाडच्या बाईला खात्रीचा, वंशावळ माहीत असलेला, पावसाळ्याला सरावलेला बोकड हवा असेल तर तिने चारशे किलोमीटरांवरच्या कुडाळला जावे, अशी आजची स्थिती आहे. ती जात नाही. वाटेतल्या बाजारात जो मिळतो तो घेते.

त्या बाजारात काय मिळते? देवनारला १९७१ पासून चालणारा कत्तलखाना आणि त्याच्या आवारातला बकरा बाजार हे या पट्ट्याचे मोठे आकर्षण. बकरी ईदच्या आधी तिथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून ट्रकच्या ट्रक उतरतात. उंच, लांब कानांचे, भारदस्त बोकड. सिरोही, जमनापारी आणि त्यांच्या मिश्र संतती. त्यांतला एखादा कोणाच्या तरी मनात भरतो आणि पैदाशीसाठी बदलापूर-वांगणीकडच्या एखाद्या शेडमध्ये येतो. पहिली करडे देखणी निघतात, छायाचित्रांत उठून दिसतात. दुसऱ्या पावसाळ्यात मरतूक सुरू होते. जमनापारी यमुना-चंबळच्या काठावरची आणि सिरोही अरवलीची. त्यांच्या कणखरपणाबद्दल शंका नाही, पण तो कणखरपणा त्या मुलखासाठी घडला आहे.

संकराला सरसकट नकार देण्याचे कारण नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात आफ्रिकेतल्या बोअर शेळीचे रक्त इथे आणले. तिथे प्रत्येक करडाच्या कानात बिल्ला असतो, जन्माचे वजन, आईबापांचे नाव आणि मृत्यूचे कारण लिहिले जाते. बोअरचे किती रक्त ठेवले तर वाढ होते आणि कितीने मरतूक वाढते, याचा निवाडा आकड्यांवर होतो. बाजारातून आणलेल्या बोकडाच्या मागे असे एकही पान नसते. नोंदीशिवाय केलेला संकर एकदा कळपात मिसळला की परत काढता येत नाही, आणि स्थानिक रक्त जेवढे गेले तेवढे गेलेच.

दुधाचा विषय थोडा वेगळा आहे, पण त्याची गाठ बोकडाशीच पडते. या पट्ट्यात शेळीचे दूध घरच्या चहात आणि तान्ह्या-म्हाताऱ्यांच्या पेल्यात जाते. ते गोळा करणारी डेअरी नाही. पावसाळ्याअखेर डेंग्यूची साथ आली की मात्र शहरातून लोक दूध शोधत वाड्यांवर येतात आणि मागेल तो भाव देतात. शेळीच्या दुधाने रक्तातल्या प्लेटलेट वाढतात, याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. डेंग्यूच्या रुग्णाला भरपूर द्रव आणि डॉक्टरांची देखरेख लागते; कच्चे दूध पाजले तर ब्रुसेलासारख्या जंतूंचा धोका वेगळाच. दुसरा तोटा करडाचा होतो. कोकणची शेळी दुधाला आधीच बेताची, पुरते एवढे की जुळी वाढावीत. त्यातले निम्मे विकले गेले की करडू खुरटते, आणि खुरटलेला नर विकला न गेल्यामुळे गावात राहतो. उद्याचा पैदाशीचा बोकड कोणता असावा, याची निवड मग दुधाच्या भांड्यातही बिघडते.

शेळ्या वाढवण्याच्या कोणत्याही सूचनेवर वनप्रेमी आक्षेप घेतील, आणि तो हलक्याने घेऊ नये. बारवीच्या आणि मलंगगडाच्या रानात नवी रोपे आधीच वणव्यांतून वाचत नाहीत. शेळीच्या तोंडी लागलेले रोप सहज उठत नाही. पण चांगल्या बोकडाची मागणी हीच कमी शेळ्यांची मागणी आहे. आज एखादी बाई आठ शेळ्या ठेवते, कारण त्यांतून जगणारी आणि वजनात भरणारी करडे थोडीच. तेवढेच उत्पन्न चार शेळ्यांतून निघाले तर उरलेल्या चार ती आपण होऊन विकेल. चार शेळ्यांना बांधावरची शेवरी, सुबाभूळ, हादगा आणि भाताच्या खळ्यावरचा भुसा-कोंडा बराचसा पुरतो. आठ शेळ्यांना रान लागतेच.

आणि रान तरी किती उरले आहे? कंपन्यांच्या भिंती डोंगराच्या पायथ्याला टेकल्या आहेत. शेळ्या पाणी पितात ते ओढे पुढे वालधुनीला मिळतात. त्याच वालधुनीत २०१४च्या नोव्हेंबरअखेर टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले. माणसांची ही गत झाली त्या नदीच्या काठी जनावरांचे काय होते, याची नोंद कोणी ठेवत नाही. एक शेळी मेली तर ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून विषय संपतो. गावाच्या चराईची आणि पाण्याची जागा ज्या उद्योगांनी घेतली, त्यांच्याकडे गावाने काही मागण्यात गैर काय?

मागणे लहान आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक नफा-उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ग्रामीण विकास आणि पशुकल्याण ही दोन्ही कामे त्या यादीत आहेत. एमआयडीसीतल्या अशा कंपन्यांनी मिळून एक बोकड केंद्र चालवावे. एका बोकडामागे पंचवीस शेळ्या धरल्या तर पाचशे शेळ्यांना वीस बोकड पुरतात. खात्रीच्या वंशाचा बोकड पंधरा हजारांना धरला तरी सगळे मिळून तीन लाख रुपये. एखाद्या कारखान्याच्या वार्षिक समारंभाला याहून जास्त खर्च येतो. बोकडाचे खाद्य, लसीकरण आणि राखणदाराचा मेहनताना मिळून वर्षाला आणखी काही लाख. वाहतुकीचे आणि निवडीचे काम दापोलीच्या विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मिळून करावे. सिंधुदुर्गाची कन्याळ आणि ठाण्यातल्याच वाड्यांतून निवडून काढलेले उत्तम स्थानिक नर, दोन्ही ठेवावेत आणि त्यांच्या करडांची वजने शेजारी-शेजारी लिहावीत. तीन-चार वर्षांत कळेल की ठाण्याच्या पावसाला कोण पुरून उरते. त्या नोंदींतून कदाचित या जिल्ह्याच्या शेळीला स्वतःचे नावही मिळेल.

हे बायकांच्या हाती दिले तरच टिकेल. शेळी घरात आणते ती बाई, राखते ती आणि शेळी गाभण कधी राहिली हे आठवते तेही तिलाच. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने फलटणच्या निंबकर संस्थेच्या साथीने गावातल्या महिलांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले. पिशवीत रेतमात्रांचे भांडे घेऊन त्या वाडी-वस्तीवर जातात, पैसे घेऊन काम करतात, आणि लोक त्यांना शेळ्यांच्या डॉक्टर म्हणतात. ‘उमेद’च्या बचत गटांतल्या पशुसखीही लस, जंतनाशक आणि खच्चीकरणाचे काम शिकलेल्या असतात. खच्चीकरण हा या सगळ्या खटाटोपाचा दुसरा पाय आहे. गावातले किरकोळ नर तीन-चार महिन्यांचे असतानाच खच्ची झाले नाहीत, तर केंद्राचा कितीही चांगला बोकड असो, त्याच्या आधी तेच शेळ्या फळवून टाकतात. खच्ची बोकडाचे मटण मऊ लागते आणि भावही पडत नाही, त्यामुळे बाईचे नुकसान नाही.

वेळही जमवावी लागेल. शेळी पौष-फाल्गुनात फळली तर ऐन पावसात विते आणि करडे ओलीत मरतात. ज्येष्ठ-आषाढात फळली तर कार्तिक-मार्गशीर्षात विते. तेव्हा जमीन कोरडी, भाताच्या खाचरात खोडवा, अंगाला ऊन. म्हणजे गावाला बोकड हवा असतो तो नेमका पावसाच्या तोंडावर, आणि अलीकडे बकरी ईद मे-जूनमध्ये येते, पाठोपाठ गटारी. ज्या आठवड्यांत तो सर्वांत गरजेचा, त्याच आठवड्यांत त्याचा भाव सर्वांत चढा. म्हणून केंद्राचा करारही असाच बेतावा लागेल: वैशाखात बोकड बचत गटाच्या ताब्यात द्यायचा, राखणाऱ्या बाईला दर महिन्याला ठरलेला मेहनताना आणि फळवलेल्या प्रत्येक शेळीमागे ठरलेली फी, दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी अदलाबदल म्हणजे बाप-लेकींची पैदास होणार नाही, आणि पैदाशीतून बाद झाल्यावर तो बाजारभावाने विकून येणारी रक्कम त्या बाईची. शिवाय तिच्या घरच्या करडांत जो नर सगळ्यांत सरस निघेल, तो ईदच्या भावाने केंद्राने विकत घ्यावा. व्यापारी देतो त्याहून एक रुपया जास्त देऊन.